दिशा ओळखणारे धातू : नॅनोरचित पृष्ठभागांच्या प्रकाशीय विषमदिकतेचा आढावा

प्रश्नाची मांडणी

सोने, चांदी, तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम या चारही धातूंचे स्फटिक घनीय असतात. अशा स्फटिकाच्या अंतरंगात प्रकाशाला सगळ्या दिशा सारख्याच. प्रकाशलहरीचे विद्युत क्षेत्र आडवे हलो की उभे, धातूचा प्रतिसाद एकच असतो. म्हणून भौतिकीत या धातूंना समदिक् म्हणतात. पण याच धातूच्या पृष्ठभागावर काही नॅनोमीटर ते काहीशे नॅनोमीटर मापाच्या रेघा, खोबणी, कलते स्तंभ किंवा लांबट कण तयार केले की चित्र पालटते. लंबरूप पडणाऱ्या प्रकाशाची ध्रुवणदिशा नव्वद अंशांनी फिरवली तर परावर्तन बदलते, रंग बदलतो, पातळ थर असेल तर पारदर्शकताही बदलते. या दिशासापेक्ष वागण्याला प्रकाशीय विषमदिकता म्हणतात.

एकाच दिशेने घासलेल्या स्टीलच्या झाकणावर दिव्याची चमक लांबट पसरते, तीही दिशेमुळेच. मात्र ते ओरखडे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा मोठे असतात आणि प्रत्येक ओरखडा छोट्या आरशासारखा वागतो. या लेखातल्या रचना बहुतांशी दृश्य प्रकाशाच्या ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीपेक्षा बारीक आहेत. त्यातली एकेक रेघ प्रकाशाला सुटी दिसत नाही. उपकरणात येतो तो सगळ्या रेघांचा मिळून होणारा परिणाम, आणि अभ्यासातली मुख्य अडचण तिथेच सुरू होते. दोन ध्रुवणदिशांमधला फरक आज अतिशय काटेकोरपणे मोजता येतो. तो फरक रचनेच्या आकारामुळे आला, रचनांच्या आपसातल्या मांडणीमुळे आला की पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांच्या खास अवस्थांमुळे, हे सांगणे मात्र अजून अनेकदा कठीण जाते. मोजणी आणि उलगडा यांच्यातले हे अंतर कुठवर कमी झाले, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी

या विषयाची पहिली पायरी प्रकाशाच्या नव्हे, रेडिओ लहरींच्या प्रयोगशाळेत बांधली गेली. १८८८ मध्ये हाइनरिख हर्ट्‌झ यांनी अष्टकोनी चौकटीवर तांब्याच्या समांतर तारा ताणल्या. तारांमधले अंतर ३ सेंटिमीटर आणि लहरींची लांबी ६६ सेंटिमीटर होती. विद्युत क्षेत्र तारांना समांतर असेल तर लहर अडते, काटकोनात असेल तर पार जाते, असे त्यांना दिसले. कारण सोपे आहे. तारेच्या लांबीच्या दिशेने इलेक्ट्रॉनांना धावायला मोकळे रान मिळते आणि ते लहर परतवतात. जाडीच्या दिशेने त्यांना हलायला जागाच नसते.

कोलकात्यात जगदीशचंद्र बोस याच तत्त्वावर मिलिमीटर लहरींचे प्रयोग करत होते. ब्रॅडशॉच्या रेल्वे वेळापत्रकाचे जाडजूड पुस्तक लहरींच्या वाटेत धरले तर ते ध्रुवक म्हणून काम करते, आणि पानांमध्ये कथिलाचा वर्ख घातला तर परिणाम वाढतो, हे त्यांनी दाखवले. १८९८ मध्ये त्यांनी पीळ दिलेल्या तागाच्या जुडग्यांतून लहरी पाठवल्या आणि ध्रुवणाचे प्रतल फिरते, असे नोंदवले. पदार्थाच्या रासायनिक घडणीऐवजी त्याच्या रचनेतून प्रकाशीय गुण मिळवण्याची आजची कल्पना त्या प्रयोगांत स्पष्ट दिसते.

दृश्य प्रकाशात पहिले कोडे १९०२ मध्ये आर. डब्ल्यू. वुड यांनी मांडले. धातूवर रेघा ओढलेल्या ग्रेटिंगच्या वर्णपटात त्यांना अतिशय अरुंद उजळ आणि काळे पट्टे आढळले. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांमध्ये जेमतेम ०.६ नॅनोमीटर अंतर असते, तेवढ्यात तेजस्विता एकदम कोसळत होती. शिवाय हे घडत होते ते विद्युत क्षेत्र रेघांना काटकोनात असतानाच. रॅले यांनी १९०७ मध्ये त्याचा एक भाग उलगडला. १९४१ मध्ये उगो फानो यांनी धातूच्या पृष्ठभागाला चिकटून धावणाऱ्या लहरींची कल्पना मांडली. १९५७ मधल्या रुफस रिची यांच्या सिद्धान्तानंतर या लहरींची ओळख पृष्ठीय प्लाझ्मॉन म्हणून पक्की झाली.

दुसरा धागा कणांचा. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या सूक्ष्म कणांचे लाल द्रावण अभ्यासले. गुस्ताव्ह मी यांनी १९०८ मध्ये गोल कणांचे गणित सोडवले आणि रिचर्ड गान्स यांनी १९१२ मध्ये ते लंबगोल कणांपर्यंत नेले. लंबगोल कणाच्या लांब आणि आखूड अक्षांवर इलेक्ट्रॉनांचे अनुस्पंदन वेगवेगळ्या तरंगलांबीला होते, हे त्यातून निघाले. सोन्याच्या नॅनोदांड्यांत हे आज सहज दिसते. आखूड अक्षावरचे अनुस्पंदन ५२० नॅनोमीटरच्या आसपास राहते, तर लांबी आणि जाडीचे गुणोत्तर वाढेल तसे लांब अक्षावरचे अनुस्पंदन लाल रंगाकडून अवरक्ताकडे सरकत जाते.

कारणांविषयीच्या तीन भूमिका

पहिली भूमिका आकाराला महत्त्व देते. तिच्या मते रचनेचा भौमितिक आकार आणि धातूचे ठाऊक असलेले प्रकाशीय स्थिरांक हाती असले की मॅक्सवेलची समीकरणे उरलेले काम करतात. शंभर नॅनोमीटरच्या आसपासच्या खोबणी, तारा आणि दांडे यांच्याबाबत हा दावा बराचसा खरा ठरला आहे. ध्रुवक बनवणारे उद्योग याच आधारावर उभे आहेत.

दुसरी भूमिका मांडणीकडे लक्ष वेधते. गोल कण एका ओळीत जवळजवळ ठेवले तर एकेक कण समदिक् असूनही ओळ विषमदिक् होते. विद्युत क्षेत्र ओळीच्या दिशेने असेल तर शेजारी कण एकमेकांना साथ देतात आणि अनुस्पंदन लाल बाजूला सरकते. क्षेत्र आडवे असेल तर ते निळ्या बाजूला जाते. कण दूर, पण नियमित अंतरावर असले तरी त्यांच्याकडून विखुरलेला प्रकाश एकत्र येऊन अत्यंत अरुंद अनुस्पंदने निर्माण करतो. जॉर्ज शॅट्‌झ यांच्या गटाने २००४ मध्ये याचे भाकीत केले आणि २००८ च्या सुमारास ते प्रयोगांत दिसले.

या दोन भूमिकांचा तिढा समजण्यासाठी एक उदाहरण जवळून पाहावे. सिलिकॉनवर आयनांचा तिरपा मारा केला की वाळूवरच्या लाटांसारखे नियमित उंचवटे उठतात. त्यावर तिरप्या दिशेने चांदीची वाफ बसवली की चांदीचे कण उंचवट्यांना धरून ओळींत जमतात. ड्रेस्डेनजवळच्या रोसेनडॉर्फ इथल्या गटाने २००७ मध्ये अशा नमुन्यांत दोन दिशांना दोन वेगळी प्लाझ्मॉन अनुस्पंदने दाखवली. ओळीतले कण अंमळ लांबट असतात आणि एकमेकांच्या जवळही असतात. लांबट आकारामुळे ओळीच्या दिशेचे अनुस्पंदन लाल बाजूला जाते आणि शेजाऱ्यांच्या प्रभावामुळेही ते तिकडेच जाते. दोन्ही कारणांची खूण एकच असल्याने केवळ वर्णपट पाहून त्यांचे वाटे वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी आकार तोच ठेवून अंतर बदलावे लागते. इलेक्ट्रॉन शलाकेने एकेक कण कोरता आला तर हे जमते. आपोआप जमणाऱ्या कणांत आकार आणि अंतर दोन्ही एकदम बदलतात.

तिसरी भूमिका पृष्ठभागाच्या अणुरचनेतून येते. डेव्हिड अ‍ॅस्पनेस यांनी १९८५ मध्ये अर्धवाहकांसाठी परावर्तन-विषमदिकता वर्णपटमापनाची पद्धत पुढे आणली. पृष्ठाच्या प्रतलातल्या दोन काटकोनी दिशांच्या परावर्तनातला फरक काढायचा आणि त्याला सरासरीने भागायचे. घनीय स्फटिकाचे अंतरंग समदिक् असल्याने वजाबाकीत त्याचा वाटा उडून जातो आणि पृष्ठभागाचा संकेत उरतो. धातूंमध्ये या पद्धतीचे गाजलेले उदाहरण म्हणजे तांब्याचे ११० हे, म्हणजे स्फटिक एका ठरावीक दिशेने कापल्यावर मिळणारे, पृष्ठ. त्यावर अणूंच्या रांगा एका दिशेने दाट आणि दुसऱ्या दिशेने विरळ असतात. स्वच्छ पृष्ठावर २.१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या, म्हणजे साधारण ५९० नॅनोमीटरच्या जागी ठळक शिखर दिसते. निर्वात कक्षात किंचित ऑक्सिजन सोडला की ते मावळते. पृष्ठालगत बांधलेल्या दोन इलेक्ट्रॉन-अवस्थांमधल्या संक्रमणाशी त्याचा संबंध जोडला जातो, आणि मावळण्याच्या निरीक्षणाने त्याला बळ मिळते.

पण इथेही सगळे एकमुखी नाहीत. मेक्सिकोतले मोचान आणि बारेरा यांनी १९८५ मध्येच दाखवले होते की पृष्ठीय अवस्थांचा आधार न घेता, पृष्ठाजवळच्या अणूंवरील स्थानिक विद्युत क्षेत्र बदलते एवढ्यानेही विषमदिकता उपजू शकते. चांदीच्या ११० पृष्ठाच्या अभ्यासात ही मांडणी महत्त्वाची ठरली. आज बहुतेक अभ्यासक दोन्ही यंत्रणा मान्य करतात. वाद उरला आहे तो कोणत्या ऊर्जेला कोणाचा वाटा किती, याचा.

रचना घडतात कशा

कारणांचा वाद रचना घडवण्याच्या पद्धतींपर्यंत पोचतो, कारण घडण्याची रीत कळली तरच आकाराविषयीची गृहीतके तपासता येतात. तिरप्या वाफेने थर बसवण्याच्या पद्धतीत आधी जमलेले कण मागच्या जागेवर सावली धरतात आणि कलते स्तंभ वाढतात. वाफेचा कोन आणि स्तंभाचा कल यांचे साधे त्रिकोणमितीय सूत्र १९६० च्या दशकापासून प्रचारात आहे. मात्र वाफ फार तिरपी झाली की प्रत्यक्षातला कल सूत्राने सांगितलेल्या कलापासून ढळतो.

आयनांच्या माऱ्याबाबत ब्रॅडली आणि हार्पर यांचा १९८८ चा सिद्धान्त सांगतो की दरी उंचवट्यापेक्षा वेगाने झिजते आणि त्यातून लाटा वाढतात. धातूंच्या स्फटिकांना तो जसाच्या तसा लागू पडत नाही. इटलीतल्या जेनोआच्या गटाने १९९७ मध्ये चांदीच्या ११० पृष्ठावर दाखवले की लाटांची दिशा ठरवण्यात पृष्ठावरच्या अणूंच्या सरकण्याचाही मोठा हात असतो. भारतात भुवनेश्वरची भौतिकी संस्था आणि गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्था यांनी आयननिर्मित लाटांवर बरेच काम केले आहे.

लेसरने उठणाऱ्या रेघांचा वाद अधिक जुना आहे. १९६५ मध्ये बर्नबॉम यांनी माणिक लेसरने अर्धवाहकावर उमटलेल्या समांतर रेघांची नोंद केली. धातूंवर या रेघा सहसा लेसरच्या ध्रुवणदिशेला काटकोनात येतात आणि त्यांचे अंतर लेसरच्या तरंगलांबीहून थोडे कमी असते. साइप आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये याचे विद्युतचुंबकीय स्पष्टीकरण दिले : आलेला प्रकाश आणि खडबडीत पृष्ठावरून विखुरलेली लहर यांचे व्यतिकरण होते, ऊर्जा पट्ट्यापट्ट्यांनी साठते आणि तिथे धातू झिजतो. दुसरा पक्ष म्हणतो की लेसरने अस्थिर झालेला पृष्ठभाग स्वतःच लाटांत मांडला जातो, जसे आयनांच्या माऱ्यात घडते. तरंगलांबीच्या जवळपासच्या अंतराच्या रेघांसाठी पहिले स्पष्टीकरण अधिक पटते. त्याहून खूपच बारीक रेघांसाठी एकमत नाही.

मोजणी आणि गणित

विषमदिक् नमुन्यासाठी साधी एलिप्सोमेट्री, म्हणजे परावर्तनात ध्रुवण कसे बदलते याची मोजणी, अपुरी पडते, कारण परावर्तनात दोन ध्रुवणे एकमेकांत मिसळतात. म्हणून नमुना प्रकाशाचे ध्रुवण कसे बदलतो हे पूर्णपणे सांगणाऱ्या म्यूलर सारणीचे सोळाही घटक वेगवेगळ्या कोनांतून मोजण्याचा प्रघात पडला. मोजणीतून मग प्रतिमान बसवले जाते. एका पद्धतीत रचनेऐवजी एकसंध, पण दिशेनुसार बदलणाऱ्या गुणांचा काल्पनिक थर कल्पतात. मॅक्सवेल गार्नेट यांचे १९०४ चे आणि ब्रुगेमान यांचे १९३५ चे सूत्र यासाठी वापरतात. रचना तरंगलांबीच्या मानाने फार बारीक असेल तर हे सोयीचे आहे, आणि धातूचे प्रमाण, पोकळी, स्तंभाचा कल असे मोजके आकडे त्यातून मिळतात. या पद्धतीचे समर्थक तिच्या साधेपणाकडे बोट दाखवतात. टीकाकार म्हणतात की धातूच्या अनुस्पंदनाजवळ ही सूत्रे डळमळतात आणि आकड्यांचे दोन वेगळे संच एकाच मापनाशी जुळू शकतात.

दुसरी पद्धत मॅक्सवेलची समीकरणे थेट सोडवण्याची. तिचा इतिहास बोलका आहे. १९८१ मध्ये मोहरम आणि गेलॉर्ड यांनी ग्रेटिंगसाठी जी रीत मांडली, ती पुढे सर्वत्र वापरात आली. धातूच्या ग्रेटिंगवर विद्युत क्षेत्र रेघांना समांतर असताना उत्तर पटकन स्थिरावे. क्षेत्र काटकोनात असताना मात्र गणिती श्रेणीची कितीही पदे घेतली तरी ते हळूहळू सरकतच राही. वुड यांना ज्या ध्रुवणात कोडे पडले होते, त्याच ध्रुवणात गणितही अडत होते. १९९६ मध्ये लालान व मॉरिस आणि ग्रॅने व गिझाल अशा दोन गटांनी स्वतंत्रपणे उपाय दिला. लिफेंग ली यांनी त्याच वर्षी त्यामागचे गणिती कारण स्पष्ट केले : धातूच्या कडेशी विद्युत क्षेत्र एकदम तुटते आणि जुन्या रीतीत त्या तुटीचा गुणाकार चुकीच्या नियमाने होत होता. तेव्हापासून ग्रेटिंगपुरता गणिताचा प्रश्न जवळपास मिटला.

वर्तुळ ध्रुवणाच्या बाबतीत मापनाच्या अर्थाविषयी मतभेद राहिले. साउथॅम्प्टनच्या गटाने २००३ मध्ये सपाट, डावे-उजवेपण असलेल्या धातूच्या नक्ष्यांतून प्रकाशाचे ध्रुवण बदलते असे दाखवले आणि त्यातून मोठे क्षेत्र उघडले. मात्र रेषीय विषमदिकतेची दोन रूपे एकमेकांशी तिरपी असली तर मापकावर तीही डाव्या-उजव्या फरकासारखी दिसतात. म्हणून नमुना फिरवून आणि उलटा करून मोजणे आवश्यक आहे, यावर आता सहमती आहे.

उपयोग आणि नुकसानीचा प्रश्न

हर्ट्‌झ यांच्या तारा आता चिपवर आल्या आहेत. बर्ड आणि पॅरिश यांनी १९६० मध्ये प्लास्टिकच्या ग्रेटिंगवर तिरप्या दिशेने धातू बसवून अवरक्तासाठी तारांचा ध्रुवक बनवला. दृश्य प्रकाशातले अ‍ॅल्युमिनियमचे असे ध्रुवक पुढे प्रोजेक्टरमध्ये आले. सोनीने २०१८ मध्ये आणलेल्या कॅमेरा संवेदकात शेजारच्या चार पिक्सेलांवर ०, ४५, ९० आणि १३५ अंशांच्या धातूच्या जाळ्या आहेत, त्यामुळे एकाच छायाचित्रात ध्रुवणाची माहिती मिळते.

साठवणुकीच्या क्षेत्रात २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्विनबर्न विद्यापीठाच्या गटाने सोन्याच्या नॅनोदांड्यांच्या थरात तीन तरंगलांब्या आणि दोन ध्रुवणदिशा वापरून एकाच जागी अनेक चित्रे नोंदवली. ज्या दांड्यांची दिशा आणि लांबी लेसरशी जुळते, तेवढेच तापून आकार बदलतात. रामन परिणामाचा संकेत खडबडीत चांदीवर कितीतरी पटींनी वाढतो, हे १९७० च्या दशकात लक्षात आले. एका दिशेच्या रचनांवर ही वाढही ध्रुवणदिशेनुसार बदलते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की तीव्र, अतिलघु लेसर स्पंद तरंगलांबीहून बारीक ग्रेटिंगवर योग्य कोनातून आणि योग्य ध्रुवणात टाकले तर ते जवळजवळ संपूर्ण शोषले जातात.

शोषण हे तिथे उद्दिष्ट आहे. इतरत्र तेच नुकसान ठरते. जेकब खुर्गिन यांनी २०१५ मध्ये मांडले की धातूत प्रकाश तरंगलांबीहून लहान जागेत कोंडला की ऊर्जेचा मोठा वाटा इलेक्ट्रॉनांच्या गतीत जातो, आणि तिथून उष्णता होणे टळत नाही. त्यामुळे एक गट सिलिकॉन किंवा टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या, प्रकाश कमी शोषणाऱ्या पदार्थांकडे वळला. दुसरा गट टायटॅनियम नायट्राइडसारखे धातुसदृश पर्याय शोधतो. धातूचा कैवार घेणारे म्हणतात की पातळ थर, मोठा वर्णपटविस्तार आणि तीव्र स्थानिक क्षेत्र हवे असेल तिथे धातूला तोड नाही. कामागणिक उत्तर बदलते, असे सध्याचे चित्र आहे.

काय सुटले, काय उरले

मापाच्या दोन टोकांना स्पष्टता आली आहे. अणूंच्या रांगांपुरते बोलायचे तर कोणत्या यंत्रणा काम करतात हे ठाऊक आहे. शंभर नॅनोमीटरच्या आसपासच्या खोबणींसाठी आकार मोजून थेट गणित करता येते. अडचण मधल्या पट्ट्यात, साधारण एक ते दहा नॅनोमीटरच्या रचनांत आहे.

तिथे तीन प्रश्न एकत्र येतात. पहिला स्थिरांकांचा. हिशेबात बहुधा जॉन्सन आणि ख्रिस्ती यांचे १९७२ चे आकडे घेतले जातात, पण रचना इलेक्ट्रॉनांच्या मुक्त धावेपेक्षा, म्हणजे काही दशक नॅनोमीटरपेक्षा, बारीक झाली की इलेक्ट्रॉन भिंतींवर अधिक वेळा आदळतात. लांबट रचनेत हे आदळणेही दिशेनुसार बदलायला हवे. ते हिशेबात कसे धरावे याची एकमान्य रीत नाही. दुसरा प्रश्न सीमेचा : धातूची कड गणितात धारदार धरली जाते, प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनांचा मेघ थोडा बाहेर ओघळतो. तिसरा प्रश्न उलट्या वाटेचा : मोजलेल्या वर्णपटावरून एकच एक रचना निश्चित होते का?

तिसऱ्या प्रश्नाला सिद्धान्तापेक्षा प्रयोगाची शिस्त अधिक उपयोगी पडेल असे दिसते. एकाच नमुन्याची म्यूलर सारणी, सूक्ष्मदर्शकातून मिळालेला आकार आणि पृष्ठाची रासायनिक अवस्था एकत्र नोंदवली, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलणाऱ्या नमुन्यांच्या मालिका तयार झाल्या, तर आकार, मांडणी आणि पृष्ठीय अवस्था यांचे वाटे वेगळे करता येतील. अशा मालिका कोरीव रचनांसाठी उपलब्ध होऊ लागल्या आहेत. आपोआप घडणाऱ्या, स्वस्त आणि मोठ्या क्षेत्रावर पसरवता येणाऱ्या रचनांसाठी त्या फार थोड्या आहेत, आणि उद्योगाला रस आहे तो मुख्यतः त्यांच्यातच.